जुन्या गाडीचे बुश बदलताय? मग शेवटचा बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळा

आपल्याकडे दहा-बारा वर्षं झालेली गाडी कुठल्याही गॅरेजला न्या, मिस्त्री एकदा खाली वाकून बघणार आणि म्हणणार, "बुश गेलेत दादा." आणि बऱ्याचदा तो बरोबरच असतो, कारण राजापूर-लांजा बाजूचे आतले रस्ते, वर्षानुवर्षं चाललेलं महामार्गाचं काम, त्यात घरापर्यंतची जांभ्याची पाणंद, ह्यातून रोज जाणाऱ्या गाडीचे बुश जाणार नाहीत तर काय होणार. पण बुश म्हणजे नक्की काय, तो गेला म्हणजे काय झालं आणि बदलताना कुठे लक्ष ठेवायचं हे कोणी सांगत बसत नाही. मग होतं काय, लोक बुश बदलून आणतात आणि सहा महिन्यांत परत तोच आवाज, आणि मग "हल्ली पार्टच चांगले येत नाहीत" असं म्हणून आपण मोकळे. पार्ट बऱ्याचदा चांगलाच असतो हो, बसवताना त्याची वाट लागलेली असते.

तर आधी बुश म्हणजे काय ते. गाडीचं पुढचं चाक बॉडीला थेट जोडलेलं नसतं, त्याला वर-खाली व्हायचं असतं ना. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत, म्हणजे अल्टो, वॅगनआर, सँट्रो, इंडिका वगैरे, वरून स्ट्रट असतो (त्यालाच आपण शॉकअप म्हणतो, स्प्रिंगसकट) आणि खालून एक लोखंडी हात असतो, लोअर आर्म. ह्या आर्मचं बाहेरचं टोक बॉल जॉइंटने (वाटीत गोळी फिरते तसला सांधा) चाकाच्या बाजूला जोडलेलं, आणि आतलं टोक बोल्टने बॉडीला नाहीतर खालच्या सबफ्रेमला, म्हणजे बॉडीखालच्या लोखंडी चौकटीला. हे जे आतलं टोक आहे तिथे लोखंड थेट लोखंडाला लागत नाही, मधे रबर असतं. तो बुश.

आता हा बुश हातात घेऊन बघितला तर तीन गोष्टी दिसतात. बाहेर एक लोखंडी नळी, आत एक छोटी जाड नळी आणि मधे रबर. पण महत्त्वाचं काय, तर हे रबर नुसतं कोंबलेलं नसतं, कारखान्यात उष्णता आणि दाब देऊन ते दोन्ही नळ्यांना कायमचं चिकटवलेलं असतं. बाहेरची नळी आर्मच्या डोळ्यात, म्हणजे गोल भोकात, प्रेसने (दाब देणाऱ्या यंत्राने) घट्ट बसते, ती फिरत नाही. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो आवळला की ब्रॅकेटचे दोन कान आतली नळी दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतात, म्हणजे तीही फिरत नाही. मग खड्डा आला, चाक वर गेलं, आर्म वर गेला, तर फिरलं काय? फिरलं काहीच नाही. फक्त मधलं रबर पिळलं गेलं आणि चाक परत खाली आल्यावर सुटलं. दिवसभर तो बुश हेच करत असतो, जरासा पिळतो, सुटतो, पिळतो, सुटतो. इथे काही घासत नाही, काही सरकत नाही.

एवढं डोक्यात बसलं ना की पुढचं सगळं आपोआप समजतं, खरंच. कारण बुशच्या बाबतीत ज्या चुका होतात त्यातल्या बऱ्याच "तो आत फिरतो" असं समजून होतात.

उदाहरणार्थ ग्रीस. अजूनही काही ठिकाणी बुश बसवताना रबराला मस्त ग्रीस चोपडतात, म्हणतात आवाज येणार नाही. ही सवय जुन्या गाड्यांपासूनची आहे, ॲम्बेसेडरच्या पुढच्या सस्पेन्शनला ग्रीस निपल असायचे आणि तिथे दर सर्व्हिसला गनने ग्रीस मारावंच लागायचं, कारण तिथे लोखंड लोखंडावर खरोखर फिरत होतं. ते शिकलेले हात तेच करत राहिले आणि पुढच्या पोरांना तेच शिकवलं. पण चिकटवलेल्या रबराला ग्रीस द्यायला जागाच नाही, आणि वर पेट्रोलियम ग्रीस नैसर्गिक रबराला फुगवतं, मऊ करतं, मग ते नळीपासून सुटायला लागतं. आवाज चार दिवस बंद होतो हे खरं, नंतर मात्र बुश आधीपेक्षा लवकर जातो.

आता आर्मला साधारण दोन बुश असतात आणि ते दोन्ही सारखे नसतात, हेही माहीत असलेलं बरं. इंग्रजी एल आकाराचा आर्म असेल तर त्याचा पुढचा बुश छोटा आणि कडक असतो, तो चाकाला आडवं धरून ठेवतो, वळणावर गाडीचा जोर त्याच्यावर. मागचा बुश मोठा आणि मऊ असतो, बऱ्याचदा त्याच्या रबरात मुद्दाम खाचा ठेवलेल्या असतात, चंद्रकोरीच्या आकाराच्या. लोक त्या बघून म्हणतात फाटलाय. फाटलेला नाही, तो तसाच बनवलाय, म्हणजे खड्ड्याच्या काठावर चाक आपटलं की ते जरासं मागे जाऊ शकेल आणि धक्का थेट आपल्या पाठीत येणार नाही. काही गाड्यांत ह्या मागच्या बुशमध्ये तेलासारखा द्रवसुद्धा भरलेला असतो, तो फुटला तर आर्मवर काळपट ओघळ दिसतो. तसा ओघळ दिसला की तो बुश संपला.

बुश गेल्याचं ओळखायचं कसं? इथे बरीच गल्लत होते, कारण खालून आवाज आला की सगळ्यांना एकच शब्द आठवतो. माझा कुडाळचा मावसभाऊ फोनवर सांगत होता, "ब्रेक मारलो काय पुढसून टुक करून आवाज येता, आणि सोडलो काय परत टुक." ह्या एका वाक्यात जवळजवळ सगळं निदान आलं बघा. ब्रेक मारला की चाक मागे राहायला बघतं आणि बॉडी पुढे जायला, मधला बुश ढिला असेल तर आर्म त्या ढिल्या जागेत मागे सरकतो, टुक. ब्रेक सोडला, परत पुढे येतो, टुक. गिअर टाकून क्लच सोडताना किंवा रिव्हर्समधून पहिल्यात जाताना हाच एक ठोका आला तर संशय आर्मच्या बुशवर घ्यायचा (इंजिनचं माउंटिंग पण असा ठोका देतं, पण ते ब्रेकला एवढं देत नाही). ह्याउलट हळू जाताना छोट्या छोट्या खडीवर कटकट-कटकट असा हलका आवाज सतत येत असेल तर तो बहुतेक स्टॅबिलायझरच्या (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या बारच्या) लिंक रॉडचा, तो पार्ट तुलनेने स्वस्त आणि बदलायला सोपा. गाडीचा वेग वाढेल तशी घुंईऽऽ वाढत जात असेल तर बेअरिंग. आणि स्टीअरिंग वळवताना वरून कट्ट करून स्प्रिंग उडाल्यासारखा आवाज येत असेल तर स्ट्रटचं वरचं माउंटिंग बघा.

आवाज नसतानाही बुश गेलेला असू शकतो. गाडी सरळ जाताना सारखी जराजरा हात द्यावा लागतो, हातखंब्याच्या पुढे सरळ रस्त्याला लागल्यावर गाडी आपली आपली डावीकडे-उजवीकडे भटकते, ब्रेक मारला की एका बाजूला ओढते, टायर आतल्या बाजूने खाल्ला जातो आणि अलाइनमेंट (मशीनवर चाकांचे कोन जुळवणं) करून आणली तरी महिन्याभरात परत तेच. शेवटचं तर मोठं लक्षण आहे. मशीनवर गाडी उभी असते तेव्हा अलाइनमेंट बरोबर दिसणारच, पण रस्त्यावर ब्रेक मारला की ढिल्या बुशमुळे चाकाचा कोनच बदलतो, मग मशीनने लावलेल्या आकड्यांचा उपयोग काय.

घरी बघायचं असेल तर दोन गोष्टी करता येतात. एक, हँडब्रेक न लावता गाडी सपाट जागेवर ठेवा, आत कोणाला तरी बसवून ब्रेकवर पाय ठेवायला सांगा आणि बाहेरून दोघांनी गाडी पुढे-मागे हलवा. तुम्ही बाजूला उभं राहून पुढच्या चाकाकडे आणि मडगार्डच्या कडेकडे बघा, चाक मडगार्डच्या मानाने मागे-पुढे सरकताना दिसलं तर बुश ढिला. दुसरी, गाडी उचलून आर्म आणि सबफ्रेमच्या मधे छोटी पहार घालून हलक्या हाताने दाबून बघायचं. इथे एक सांगतो, रबर हलणारच, त्याचं कामच ते आहे. बघायचं हे की रबर ताणलं जातंय का, की रबर आणि नळी ह्यांच्यामधे फट उघडतेय. वरवरच्या बारीक चिरा जुन्या रबराला असतातच, त्याला घाबरायचं नाही, पण चीर खोल असेल, पहार दाबल्यावर तोंड उघडत असेल किंवा आतली नळी मधे न राहता एका बाजूला बसलेली दिसत असेल तर बदला.

आणि गाडी उचलायचा विषय निघालाय तर हे ऐकाच. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेलेच असतात, आणि जॅकने गाडी उचलून खाली चार चिरे लावून आत घुसणारे मी स्वतः बघितलेत. जांभा चिरा भिंतीत छान असतो, पण तो सच्छिद्र दगड आहे, त्यावर एका बिंदूवर वजन आलं की आधी काही न सांगता तुकडा उडतो. गाडीखाली चिरा नाही, सिमेंटचा ब्लॉक नाही, नुसता जॅक तर नाहीच नाही. लोखंडी स्टँडच पाहिजेत, आणि खळं मातीचं असेल तर जॅक आणि स्टँडखाली जाड फळी, नाहीतर पावसात मऊ झालेल्या जमिनीत ते रुततात. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. ह्यात तडजोड नाही.

आता कोकणातली खरी अडचण. घाटावरच्या माणसाला बुश बदलणं म्हणजे प्रेसचं काम वाटतं, आपल्याकडे ते बोल्टचं काम आहे. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, किनाऱ्याला खारा वारा आहे, आणि तांबडी माती आर्मच्या वरच्या बाजूला जाऊन बसते ती दिवाळीपर्यंत ओली राहते. त्यात चाकरमान्यांच्या गावातल्या गाड्या, गणपतीत चालल्या की पुढे शिमग्यालाच चालू होणार, तोवर फणसाखाली उभ्या. रबराला खाऱ्या हवेचं एवढं काही होत नाही, पण आतली नळी आणि तिच्यातून गेलेला बोल्ट ह्यांच्यामधे पाणी शिरतं आणि दोघं गंजून एक होतात. मग पाना लावून बोल्ट फिरवला तर बोल्टबरोबर आतली नळी फिरते, रबर पिळतं आणि पाना सोडला की बोल्ट परत जागेवर. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं बोल्ट सुटतोय. सुटत नाहीये, तुम्ही नुसतं रबर पिळताय.

माझ्या समोर एकदा एका वॅगनआरचा आर्म निघाला, तेव्हा आडवा बोल्ट मधल्या भागात एवढा बारीक झाला होता की टोकं जाड आणि कंबर बारीक, वर काळपट-लाल खपल्या, नखाने टोचलं तरी पापुद्रे निघत होते. बुशचं रबर बघितलं तर बाहेरून धड दिसत होतं, पण आतल्या नळीभोवती पूर्ण गोल सुटलेलं, आणि जिथे नळी रबरात लोळत होती तिथे घासून घासून चकचकीत पट्टा झालेला. गाडीचा मालक म्हणाला, पण आवाज तर मागच्या महिन्यापासूनच येतोय. पट्टा काही महिन्याभराचा वाटत नव्हता.

म्हणून काम काढायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सगळ्या बोल्टांना डब्ल्यूडी फोर्टी किंवा तसला गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत मारा. वायर ब्रशने बाहेर आलेले आटे आधी साफ करा, गंजलेल्या आट्यांवरून नट ओढत आणलात तर मधेच अडकणार. बोल्ट हलेना म्हणून लांब पाइप लावून जोर करायच्या आधी एकदा बघा की पलीकडचा नट मोकळा आहे का सबफ्रेमच्या आत वेल्ड केलेला आहे, कारण आतला वेल्ड तुटला तर तो नट आत गरागरा फिरत राहतो आणि मग सबफ्रेमला खिडकी कापल्याशिवाय सुटका नाही. थोडं आवळायचं, थोडं सोडायचं, स्प्रे, परत तेच, असं करत काढा. फारच अडला तर आर्म आणि ब्रॅकेटच्या मधल्या फटीतून हेक्सा ब्लेडने नाहीतर ग्राइंडरने बोल्ट सरळ कापायचा. म्हणूनच नवे बोल्ट-नट आधीच आणून ठेवा. तसंही नायलॉनची रिंग असलेला नट एकदा काढला की परत वापरायचा नसतो, त्याची पकड गेलेली असते.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात, स्टॅबिलायझर बार. हा बार दोन्ही चाकांना जोडलेला असतो, एकच बाजू उचलली की तो पिळला जातो आणि लिंकचा नट सुटायला त्रास देतो, सुटला की टोक फाडकन उडतं. दोन्ही बाजू सारख्या उचला, बार सैल पडतो. बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत तर हा बारच चाकाला पुढे-मागे धरून ठेवायचं कामही करतो, वेगळा हात नसतोच, तेव्हा त्याच्या टोकाचे रबर गेले तरी ब्रेकला तोच टुक आवाज येतो आणि लोक आर्मचा बुश बदलून बसतात.

बॉल जॉइंट काढताना त्याच्या रबरी टोपीवर हातोडा मारू नका. जिथे त्याची निमुळती दांडी नटाने धरलेली असते तिथे ती ज्या डोळ्यात बसलीय त्याच्या बाजूवर दोन कडक ठोके द्यायचे, जॉइंट सुटतो. काही गाड्यांत आडवा बोल्ट असतो, तिथे तो पूर्ण बाहेर काढावा लागतो, नुसता ढिला करून चालत नाही, दांडीच्या खाचेतून तो गेलेला असतो.

आर्म हातात आल्यावर आधी विचार करा की नुसते बुश टाकायचे का पूर्ण आर्म. माझं मत विचाराल तर किनाऱ्यालगतच्या गाडीचा आर्म पत्र्याचा असेल, त्याला खपल्या सुटल्या असतील आणि बॉल जॉइंटही थोडा ढिला असेल तर पूर्ण आर्मच टाका, त्यात बुश आणि जॉइंट दोन्ही नवीन येतात आणि प्रेसची मजुरी वाचते. आर्म धड असेल, विशेषतः जाड ओतीव किंवा घडीव असेल, तर बुशच बदला. दोन्ही बाजूंचे एकदम बदला, एका बाजूला नवं कडक रबर आणि दुसऱ्या बाजूला जुनं लिबलिबीत असं ठेवलं तर गाडी ब्रेकला एका अंगाला जाणार.

जुना बुश काढायच्या आधी, म्हणजे प्रेसखाली धरायच्याही आधी, त्याच्या खाचा कुठल्या दिशेला आहेत ते आर्मवर खुणा करून ठेवा. खडूने नको, पुसला जातो, कानशीने बारीक रेघ मारा नाहीतर पेंट लावा. मोबाइलमध्ये फोटो काढा. मी वर म्हटलं ना की खाचा मुद्दाम ठेवलेल्या असतात, मग त्या नव्वद अंशात फिरवून बसवल्या तर जिथे मऊ पाहिजे तिथे कडक आणि जिथे कडक पाहिजे तिथे मऊ, गाडी वळणावर डुलणार आणि खड्ड्यात ठोकणार. नव्या बुशवर बाण किंवा खूण असेल तर ती कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे जुळवायची. लेथवाल्याकडे आर्म देऊन तुम्ही चहा प्यायला गेलात तर तो बुश बसवून देईल, पण खाचांची दिशा त्याला कोण सांगणार? उभे राहा तिथे.

प्रेस करताना जोर फक्त बाहेरच्या नळीच्या काठावर आला पाहिजे. मापाची गोटी (पान्याचं सॉकेट) किंवा पाइपचा तुकडा लावायचा जो बाहेरच्या नळीएवढा असेल, खालून आर्मला आधार द्यायला त्याहून मोठा. रबरावर किंवा आतल्या नळीवर दाब दिला तर बुश आत जाईल, पण चिकटवलेलं रबर बसवतानाच फाटेल. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बुशचं हेच होतं. सरकायला मदत म्हणून साबणाचं पाणी चालतं, ग्रीस नाही. प्रेस नसेल तर जाड बोल्ट, दोन जाड वॉशर आणि दोन गोट्या घेऊन नट आवळत आवळत बुश ओढून बसवता येतो, वेळ लागतो पण काम नीट होतं. जुना बुश निघतच नसेल तर रबर ड्रिलने पोखरून काढायचं आणि उरलेली बाहेरची नळी आतून हेक्सा ब्लेडने उभी कापायची, आर्मला ब्लेड लागू न देता. गॅस मारून रबर जाळणारे असतात, तो काळा धूर छातीला वाईट आणि आर्मचं लोखंड तापून कमकुवत होतं ते वेगळंच. नका करू देऊ.

मधेच पीयूच्या बुशबद्दल विचारतात म्हणून सांगतो. पॉलियुरेथेनचे पिवळे, लाल, काळे बुश मिळतात काही गाड्यांना, ते रबरासारखे पिळत नाहीत, त्यांच्यात आतली नळी खरोखर फिरते. त्यामुळे त्यांना बुशबरोबर येणारं सिलिकॉन ग्रीस लागतंच, आणि आपल्या मातीत ते कोरडं पडलं की किंचाळतात. टिकतात जास्त, गाडी वळणावर घट्ट वाटते, पण खड्ड्याचा प्रत्येक धक्का आत येतो. आपल्या रस्त्यांवर रोजच्या गाडीला मी साधं कंपनीचं रबरच घालीन.

आता शीर्षकात लिहिलंय ते. आर्म परत लावला, नवे बोल्ट टाकले, गाडी अजून स्टँडवर आहे, चाक खाली लोंबतंय, आणि मिस्त्री म्हणतो घे आवळून. थांबा! चाक लोंबत असताना आर्म खाली झुकलेला असतो. त्या अवस्थेत बोल्ट घट्ट केला की आतली नळी त्या झुकलेल्या कोनात पकडली गेली. आता गाडी खाली उतरवली, वजन आलं, आर्म वर आला, पण नळी फिरत नाही, म्हणजे गाडी नुसती दारात उभी असतानासुद्धा रबर पिळलेलंच. रात्रभर मान एका बाजूला वळवून झोपल्यावर सकाळी जे होतं ते त्या बुशचं चोवीस तास चालू. त्यात खड्डा आला की आधीच पिळलेलं रबर त्याच दिशेला आणखी पिळणार, आणि ते काही महिन्यांत सुटणारच. हाच तो "हल्लीचे पार्ट चांगले नाहीत" वाला बुश.

म्हणून स्टँडवर असताना बोल्ट फक्त हाताने बसतील एवढेच लावायचे, नट पूर्ण चढलेला पण सैल. मग चाकं लावा, गाडी खाली घ्या, बॉनेट धरून दोन-चार वेळा दाबून सोडा म्हणजे सस्पेन्शन आपल्या उंचीला बसतं, आणि आता आर्मचे बोल्ट शेवटचे आवळा. गाडीखाली हात जात नाही ही अडचण असतेच, त्याला उपाय म्हणजे ज्या गॅरेजला पिट आहे तिथे गाडी उभी करून खालून आवळायचे, किंवा चारी चाकं जाड फळ्यांवर चढवायची. तेही जमत नसेल तर बॉडी स्टँडवर ठेवून जॅक आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, बॉल जॉइंटजवळ लावायचा आणि गाडीची ती बाजू स्टँडवरून जेमतेम उचलायला लागेपर्यंत चढवायचा, तेव्हा चाकावर वजन असताना आर्म जिथे असतो साधारण तिथेच येतो. हा नियम आडव्या बोल्टांना सगळ्यात जास्त लागू. मागचा बुश उभ्या बोल्टाचा असेल तर त्याला एवढा फरक पडत नाही, पण सवय एकच ठेवलेली बरी. किती घट्ट, तर मॅन्युअलमध्ये आकडा असतो आणि टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) वापरणारा मिस्त्री मिळाला तर त्याला सोडू नका. बोल्टच्या मधल्या गुळगुळीत भागाला, जो नळीच्या आत राहतो, तिथे पातळ थर कॉपर ग्रीसचा लावा म्हणजे पुढच्या वेळी कापायची पाळी येणार नाही. आट्यांना लावू नका, आवळण्याचा अंदाज चुकतो. आणि हो, हे ग्रीस लोखंडाला, रबराला नाही.

मिस्त्रीला हे सांगायचं कसं हाही प्रश्न असतो, कारण "मला शिकवू नका, एवढी वर्षं हेच करतोय" हे ऐकायची तयारी ठेवावी लागते. मी सरळ म्हणतो, "मिस्त्री, आर्मचे बोल्ट गाडी खाली घेतल्यावर माझ्यासमोर आवळा, दहा मिनिटं जास्त लागली तर चालतील." वाद घालण्यापेक्षा हे चालतं.

मागच्या बाजूचं थोडक्यात. बऱ्याच छोट्या गाड्यांत मागे एक आडवा बीम असतो आणि त्याच्या दोन पुढच्या टोकांना एक-एक मोठा बुश. तो लवकर जात नाही, पण गेला की लेन बदलताना गाडीची मागची बाजू एक क्षण उशिरा येतेय असं वाटतं. हे काम घरी करायचं नाही, बीम खाली घ्यावा लागतो, ब्रेकचे पाइप आणि हँडब्रेकच्या केबल ताणल्या जातात. ओम्नीला मागे कमानपाटे आहेत, त्यांच्या टोकांचे बुश मात्र दोन भागांत येतात आणि हाताने बसतात, सोपं आहे. बोल्ट शेवटी जमिनीवर आवळायचा नियम तिथेही तोच.

एक गोष्ट मात्र बुशच्याही आधी बघायची, ज्या ब्रॅकेटला बोल्ट जातो ते ब्रॅकेट आणि सबफ्रेम. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, चांगल्या लोखंडाचा आवाज टणक येतो, आतून खाल्लेल्याचा भद्द येतो, टोक दाबलं तर आरपार जातं. तिथे नवा बुश घालून काही होणार नाही, आधी वेल्डिंगचा नाहीतर सबफ्रेम बदलायचा खर्च येणार, आणि गाडी तेवढ्या पैशाची आहे का हा हिशोब तिथेच करून घ्या.

काम झालं की अलाइनमेंट लागतेच, आर्म काढला-घातला की चाकांचा कोन बदलतो. रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीला टायरवाल्यांकडे मशीन आहेत. लगेच त्याच दिवशी गेलंच पाहिजे असं नाही, पण आठवडाभर लोळत पडू नका, टायर खायला लागतो. जुन्या छोट्या गाड्यांत बहुधा फक्त टो (वरून बघितल्यावर चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) लावता येतो, कॅम्बर (समोरून बघितल्यावर चाक कललेलं असण्याचा कोन) लावायची सोयच नसते, तेव्हा "कॅम्बर पण करून देतो" म्हणून जास्त पैसे मागितले तर कुठल्या बोल्टने करणार तेवढं विचारा. परत आल्यावर एकदा बोल्ट-नटांना पाना लावून बघा.

आणि मे महिन्यात, पावसाच्या आधी, सर्व्हिसिंगवाला विचारेल, "खालून डिझेल मारू का?" ही आपल्याकडची जुनी पद्धत, धुऊन झाल्यावर खाली डिझेल नाहीतर डिझेल आणि काळं ऑइल एकत्र करून फवारायचं, म्हणजे पत्रा गंजत नाही. पत्र्याला थोडा दिवस फायदा होतही असेल, पण ते सगळं बुशवर, बॉल जॉइंटच्या टोपीवर, ब्रेकच्या रबरी पाइपवर बसतं आणि रबर फुगवतं. त्याला सांगायचं, खालून फक्त गोड्या पाण्याने नीट धू, आर्मच्या वर साचलेली माती निघाली पाहिजे, डिझेल नको. गंजाचीच भीती असेल तर कोरडं झाल्यावर ब्रशने अंडरबॉडीचा रंग लावून घ्या, फक्त पत्र्याला आणि लोखंडाला, रबर झाकून. डिझेल नको म्हटल्यावर तो परत एकदा विचारेल, कारण त्याचे तेवढे पैसे जातात. परत नको म्हणायचं.